कर्ट फ्लड : ज्याने बदलीचा हुकूम मानला नाही

पश्चिमवारा

इथे क्रिकेटचे धागे भरपूर निघतात, फुटबॉलचेही निघतात, बेसबॉलचा क्वचितच. अमेरिकन बेसबॉलपटू कर्ट फ्लडबद्दल लिहायचं मात्र खूप दिवसांपासून मनात होतं. त्याची गोष्ट कळायला बेसबॉलचे नियम यावे लागत नाहीत. ज्याने कधी नोकरी केली आहे त्याला ती कळेल.

फ्लडचा जन्म १८ जानेवारी १९३८ रोजी टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये झाला. तो लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंडला आलं. पश्चिम ओकलंड ही कृष्णवर्णीय कामगारांची वस्ती. तिथे जॉर्ज पॉवल्स नावाचा एक गोरा प्रशिक्षक मुलांना घडवत होता. फ्रँक रॉबिन्सन, व्हॅडा पिन्सन आणि फ्लड, तिघेही त्याच्याच हाताखालचे. फ्लड अंगाने किरकोळ, उंची पाच फूट नऊ इंच. पण पाय विलक्षण चपळ आणि चेंडू कुठे पडणार याचा अंदाज अचूक. १९५६ मध्ये सिनसिनाटी रेड्सने त्याला ४,००० डॉलरांवर घेतलं.

त्या वर्षी तो सरावशिबिरासाठी फ्लोरिडात, टॅम्पाला पोचला. संघ उतरला होता त्या हॉटेलात तो गेला, तर त्याला बाजूच्या दाराने बाहेर काढून टॅक्सीत बसवलं आणि कृष्णवर्णीयांच्या खानावळवजा घरात धाडलं. पुढची दोन वर्षं दक्षिणेतल्या मायनर लीगमध्ये (सर्वोच्च पातळीच्या मेजर लीगखालच्या स्पर्धांत) गेली, म्हणजे लहान गावांत, बसच्या लांब प्रवासांत आणि प्रेक्षकांच्या शिव्यांत. एका दिवशी लागोपाठ दोन सामने होते. मधल्या वेळात सगळ्यांनी घामाचे कपडे एका ढिगात टाकले, त्यानेही टाकले. कपडे सांभाळणाऱ्या माणसाने त्याचे कपडे हात न लावता काठीने उचलून वेगळे केले आणि कृष्णवर्णीयांच्या धुलाईकेंद्रात पाठवले. बाकीचा संघ मैदानात उतरला तेव्हा हा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा खोलीत उघडा बसून कपड्यांची वाट बघत होता. हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढच्या सगळ्या गोष्टीची मुळं मला इथे दिसतात.

डिसेंबर १९५७ मध्ये रेड्सने त्याला सेंट लुईस कार्डिनल्सकडे दिलं. तेव्हा तो काही बोलला नाही. त्या वयात कोण बोलतं? सुरुवातीचा व्यवस्थापक सॉली हीमस त्याला बाकावरच बसवून ठेवायचा. १९६१ मध्ये जॉनी कीन आला आणि त्याने सेंटर फिल्डची जागा फ्लडच्या हवाली केली. पुढे १९६९ पर्यंत ती जागा त्याचीच होती.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: सेंटर फिल्डर मैदानाच्या सगळ्यात खोल आणि रुंद भागाचा राखणदार असतो. मागे दोरी नसते, भिंत असते. पाठ फिरवून धावायचं, भिंत किती लांब आहे हे मनात मोजायचं आणि खांद्यावरून येणारा चेंडू पकडायचा. फ्लडने १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षं गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवला. १९६६ च्या संपूर्ण हंगामात त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. सलग २२६ सामने त्याने बिनचूक क्षेत्ररक्षण केलं. बॅटही कमी नव्हती. १९६४ मध्ये २११ हिट्स (मारलेल्या चेंडूवर सुखरूप तळ गाठला की हिट), मेजर लीगच्या दोन विभागांपैकी नॅशनल लीगमध्ये रॉबर्टो क्लेमेंटेच्या बरोबरीने सर्वाधिक. १९६७ ची सरासरी, म्हणजे दर बॅटिंगमागे हिट्स, ०.३३५. एकूण कारकिर्दीत १,८६१ हिट्स आणि सरासरी ०.२९३. कार्डिनल्सने १९६४ आणि १९६७ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरची अजिंक्यपदाची मालिका, जिंकली, त्या दोन्ही संघांचा तो कणा होता.

१९६८ ची वर्ल्ड सिरीज डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत गेली. सातव्या डावापर्यंत धावफलक कोरा. तिथे जिम नॉर्थ्रपने मारलेल्या चेंडूवर फ्लडने आधी पुढे पाऊल टाकलं आणि वळताना तो घसरला. चेंडू डोक्यावरून गेला, दोन धावा झाल्या आणि सामना ४-१ असा गेला. सात गोल्ड ग्लव्हच्या माणसाचा तो एक क्षण लोक अजून काढतात.

ऑक्टोबर १९६९ मध्ये क्लबच्या मधल्या फळीतल्या एका अधिकाऱ्याने फोन करून त्याला कळवलं की त्याला फिलाडेल्फिया फिलीजला देण्यात आलं आहे. टिम मॅकार्व्हर आणि आणखी दोघे त्याच्यासोबत जाणार, तिकडून डिक अ‍ॅलन आणि दोघे येणार. एका संघात बारा हंगाम काढले होते. संसार, मित्र, छायाचित्रांचा छोटासा व्यवसाय, सगळं सेंट लुईसला होतं. मालक गसी बुश यांनी स्वतः फोन केला नाही. त्यातून फिलाडेल्फियाचे प्रेक्षक कृष्णवर्णीय खेळाडूंशी कसे वागतात हे त्याने डिक अ‍ॅलनच्या बाबतीत पाहिलं होतं. वरून वस्तू फेकल्या जायच्या म्हणून अ‍ॅलन क्षेत्ररक्षण करतानासुद्धा हेल्मेट घालायचा.

खेळाडूच्या हातात तेव्हा दोनच गोष्टी होत्या: जायचं, नाहीतर खेळ सोडायचा. प्रत्येक करारात रिझर्व्ह क्लॉज नावाचं एक कलम असे. खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही तर क्लब जुना करार एक वर्षासाठी आपणहून वाढवू शकतो, असं ते म्हणायचं. मालकांचा अर्थ असा, की वाढवलेल्या करारातही हे कलम असतंच, म्हणून तो पुन्हा वाढवता येतो, आणि पुन्हा, कायमचा. करार वर्षाचा, बंधन आयुष्याचं. ही पद्धत १८७९ पासून चालत आली होती.

फ्लड खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांच्याकडे गेला. मिलर मूळचे पोलाद कामगारांच्या युनियनमधले अर्थतज्ज्ञ, गोड बोलून फसवणारा माणूस नव्हे. त्यांनी सांगितलं की जिंकण्याची शक्यता जवळपास नाही, जिंकलास तरी तुझ्या हाती पैसा लागणार नाही, आणि पुढे या खेळात तुला प्रशिक्षक म्हणूनसुद्धा कुणी उभं करणार नाही. फ्लडने एकच विचारलं: बाकीच्या खेळाडूंना आणि मागून येणाऱ्यांना याचा फायदा होईल का? मिलर म्हणाले, होईल. मग मला तेवढं पुरे, असं तो म्हणाला.

डिसेंबरात पोर्टो रिकोच्या सान हुआनमध्ये संघटनेच्या प्रतिनिधींची बैठक झाली. टॉम हॅलरने त्याला स्पष्ट विचारलं की तू कृष्णवर्णीय आहेस म्हणून हे करतो आहेस का. त्याने उत्तर दिलं की कृष्णवर्णीय म्हणून अनेक गोष्टी जास्त सोसाव्या लागल्या हे खरं, पण हा प्रश्न प्रत्येक खेळाडूचा आहे. २५ विरुद्ध ० मतांनी संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली.

२४ डिसेंबर १९६९ रोजी त्याने मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं. मेजर लीगमध्ये बारा वर्षं काढल्यावर मी काही माझी इच्छा न विचारता विकत घेण्याची किंवा विकण्याची मालमत्ता आहे असं मला वाटत नाही, १९७० मध्ये मला खेळायचं आहे, आणि इतर क्लबांचे प्रस्ताव पाहण्याचा मला हक्क आहे, असा त्याचा मजकूर. कून यांनी नकार दिला. रिझर्व्ह क्लॉज मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतं, असा खटला १६ जानेवारी १९७० रोजी दाखल झाला.

त्या वर्षी तो खेळला नाही. साधारण एक लाख डॉलरांचा पगार गेला. मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये सुनावणी सुरू झाली. मेजर लीगमधली वर्णबंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला. मधुमेहाने त्याची दृष्टी जवळपास गेली होती, केस पांढरे झाले होते. जुना दिग्गज हँक ग्रीनबर्ग आला. बिल व्हीक आले, ते तर क्लबचे माजी मालक. पण त्या काळात मैदानात खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात येऊन बसला नाही. बॉब गिब्सनसारखा जिवलग मित्रसुद्धा आला नाही. सान हुआनमध्ये हात वर करणाऱ्यांपैकीही कुणी नाही.

मला या माणसाबद्दल जे म्हणायचं आहे ते हेच. निकाल विरुद्ध गेल्यामुळे तो मोडला नसता, ती शक्यता त्याने आधीच धरली होती. बाजूची बाकं रिकामी राहिली, ते त्याला लागलं.

१९७१ मध्ये वॉशिंग्टन सेनेटर्सने त्याला १ लाख १० हजार डॉलरांवर घेतलं. टेड विल्यम्स व्यवस्थापक होता. दीड वर्ष बॅट हातात नाही, धमक्यांची पत्रं येत होती, दारू वाढली होती. १३ सामन्यांत ३५ वेळा बॅटिंग आणि ७ हिट्स. एप्रिल संपायच्या आत त्याने क्लबच्या मालकांना तार केली की प्रयत्न करून पाहिला, पण दीड वर्षाचा खंड फार मोठा ठरला, आणि तो स्पेनला निघून गेला. मायोर्का बेटावर त्याने बार चालवला. वय ३३.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला. फ्लड हरला.

मधली_फळी

फार चांगलं लिहिलंय, एका दमात वाचलं. काठीने कपडे उचलण्याचा प्रसंग वाचून थांबावं लागलं.

तरी एक प्रश्न मनात राहिला. फ्लडला १९६९ मध्ये ९० हजार डॉलर मिळत होते असं वाचलंय. तेव्हाच्या साध्या अमेरिकन कुटुंबाच्या कित्येक पट. टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याने स्वतःला गुलाम म्हटलं होतं ना? ज्यांच्या आजा-पणजांनी खरी गुलामी भोगली त्यांच्यासमोर हा शब्द जड नाही का वाटत? त्याच्या हक्काबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण असं बोलून त्याने सामान्य प्रेक्षकांची सहानुभूती घालवली असं वाटतं.

पश्चिमवारा

मधली_फळी, हाच प्रश्न हॉवर्ड कोसेलने ३ जानेवारी १९७० च्या मुलाखतीत त्याला विचारला होता, की ९० हजार कमावणारा माणूस गुलाम कसा. त्याचं उत्तर होतं की भरपूर पगार मिळणारा गुलाम शेवटी गुलामच. सहानुभूती गेली हे तुमचं म्हणणं खरं आहे. वृत्तपत्रांतले बरेचसे खेळलेखक त्याच्या विरोधात गेले, आणि कार्ल यास्ट्रेम्स्की, हार्मन किलब्रू यांच्यासारखे मोठे खेळाडूही.

पण ९० हजार त्याला कधी मिळाले ते पाहा. चौदा वर्षं खेळून, सर्वोत्तम सेंटर फिल्डर ठरल्यावर. त्याच वर्षी मेजर लीगमधला किमान पगार १० हजार होता, आणि मायनर लीगमधल्या मुलांचं तर विचारू नका. त्या सगळ्यांवर तेच कलम लागू होतं. त्याच्या तोंडी तो शब्द आला यात मला अतिशयोक्ती दिसत नाही. तो दक्षिणेत राहिला होता, त्याचे कपडे काठीने उचलले गेले होते. आपल्याबद्दल दुसऱ्या दोघांनी परस्पर व्यवहार केला, हे ऐकल्यावर त्याला आणखी काय आठवणार?

सायंतारा

यात एक भर घालते. १९६४ ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यानंतर लगेच, त्याच ऑक्टोबरात, फ्लडने कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅलामो या गावी घर भाड्याने घेतलं. घर घेणारे कृष्णवर्णीय आहेत हे कळल्यावर बंदुका घेऊन माणसं दारात उभी राहिली. जगज्जेत्या संघाचा सेंटर फिल्डर, आणि त्याला न्यायालयाचा आदेश आणि पोलिसांचा पहारा घेऊन स्वतःच्या भाड्याच्या घरात शिरावं लागलं. तो मागे हटला नाही, राहायला गेला.

त्याआधी १९६२ मध्ये जॅकी रॉबिन्सनबरोबर तो मिसिसिपीतल्या जॅक्सनला नागरी हक्कांच्या सभेला गेला होता. खेळाडूंनी असल्या भानगडीत पडू नये अशीच तेव्हाची रीत होती. म्हणजे १९६९ चा निर्णय एका फोनच्या रागातून आलेला नाही. हा माणूस आधीपासून असाच होता.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते, युनियनचे साधे सभासद. सभेत हात वर करणारे शंभर आणि दुसऱ्या दिवशी गेटवर उभे राहणारे दहा, हे ते नेहमी सांगायचे. रिकाम्या बाकांचं वाचलं तेव्हा तेच आठवलं. पण ते हेही सांगायचे की न येणाऱ्यांवर राग धरू नये, त्यांच्या घरात चूल पेटायची असते. त्या खेळाडूंचे करार वर्षावर्षाचे होते. मालकाने नाव लक्षात ठेवलं की पुढच्या वर्षी काय, ही भीती खरी होती. फ्लडनेही नंतर त्यांना जाहीरपणे दोष देत बसण्यात आयुष्य घालवलं नाही.

वकिलीबाणा

निकालाबद्दल धाग्यात एकच ओळ आली आहे, म्हणून थोडं सविस्तर.

मूळ दुखणं १९२२ च्या निकालात आहे. न्यायमूर्ती होम्स यांनी ठरवलं की बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही. १९५३ मध्ये टूलसनच्या खटल्यात न्यायालयाने तेच कायम ठेवलं. गंमत अशी नाही, दुर्दैव असं, की त्यानंतर मुष्टियुद्ध आणि अमेरिकन फुटबॉल यांना हाच कायदा लागू आहे असं त्याच न्यायालयाने म्हटलं. म्हणजे सूट फक्त बेसबॉलला.

१९७२ मध्ये बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिला. त्याचा पहिला भाग वाचून वकील म्हणून मला आजही वाईट वाटतं. बेसबॉलचा इतिहास, आठवणी आणि ऐंशीच्या वर जुन्या खेळाडूंच्या नावांची यादी. बहुमतातल्या बर्गर आणि व्हाइट या दोघांनी निकालाला होकार दिला, पण त्या भागाला दिला नाही. आणि तर्क काय? ही सूट विसंगत आहे हे न्यायालयाने स्वतः मान्य केलं, पण इतकी वर्षं चालली आहे आणि काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, बदललेली नाही, तेव्हा बदलायची असेल तर काँग्रेसने बदलावी. चूक मान्य करून ती कायम ठेवलेली. डग्लस, ब्रेनन आणि थर्गुड मार्शल यांनी विरोधात मत दिलं. डग्लस १९५३ च्या बहुमतात होते, आणि त्या मताचा आपल्याला पश्चात्ताप होतो असं त्यांनी यावेळी लिहिलं. मार्शल यांचं भिन्नमतपत्र जमलं तर जरूर वाचा. न्यायमूर्ती पॉवेल यांच्याकडे अनहायझर-बुशचे, म्हणजे कार्डिनल्सच्या मालकांच्या बिअर कंपनीचे शेअर होते, म्हणून ते बाजूला झाले. आठच न्यायमूर्ती का, याचं उत्तर हे.

आणखी एक. फ्लडचे वकील आर्थर गोल्डबर्ग स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. नाव मोठं, पण खटला सुरू असतानाच ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवत होते, आणि मार्च १९७२ मधला त्यांचा सर्वोच्च न्यायालयातला युक्तिवाद अगदीच विस्कळीत झाला. माझ्या मते फ्लडला याहून चांगली बाजू मिळायला हवी होती.

बॅकफूट

उत्तम चर्चा. पण कुणीतरी हे विचारायला हवं: फ्लड हरला, मग खेळाडूंना स्वातंत्र्य मिळालं ते त्याच्यामुळे कसं? ते मिळालं अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्यामुळे. त्या दोघांनी १९७५ चा हंगाम करारावर सही न करता काढला आणि मग लवादाकडे गेले. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला की क्लबला करार एकदाच वाढवता येतो, कायमचा नाही. मालकांनी साइट्झना लगेच काढून टाकलं, पण निर्णय टिकला. त्याआधी १९७४ मध्ये कॅटफिश हंटर, क्लबने कराराप्रमाणे पैसे भरले नाहीत म्हणून, मोकळा झाला आणि न्यूयॉर्क यँकीज संघाकडे ३० लाख डॉलरांहून मोठ्या करारावर गेला. बाजार काय किंमत देतो हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. फ्लडबद्दल आदर आहेच. पण इतिहासात ज्याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

दूरदेशी

मी बरीच वर्षं सेंट लुईसला आहे, म्हणून हा वाद इथल्या जुन्या प्रेक्षकांकडून अनेकदा ऐकला आहे. बॅकफूट, तुमच्या तारखा बरोबर आहेत, पण साखळी त्याआधी सुरू होते.

फ्लडचा खटला चालू असताना मालकांची भूमिका काय होती? न्यायालयाने यात पडू नये, रिझर्व्ह क्लॉज हा मालक आणि संघटना यांनी वाटाघाटीत सोडवायचा प्रश्न आहे, अशी. आणि त्याच काळात, १९७० च्या करारात, मिलर यांनी तक्रारी निःपक्ष लवादाकडे नेण्याचा हक्क मिळवला. पुढे मेसरस्मिथ त्याच लवादाकडे गेला. वाटाघाटीने सोडवू म्हणणाऱ्यांना मग मागे फिरता येईना. १९७३ मध्ये आणखी एक नियम आला: मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच क्लबमध्ये काढलेल्या खेळाडूची त्याच्या संमतीशिवाय बदली करता येणार नाही. त्याला आजही फ्लडच्या नावाने ओळखतात. तो नियम १९६९ मध्ये असता तर हा खटलाच झाला नसता.

मधला दुवा टेड सिमन्स. हाही कार्डिनल्सचा, तरुण कॅचर. १९७२ च्या हंगामात त्याने कित्येक महिने सही न करताच खेळून दाखवलं, जुलैत क्लबने त्याला चांगला करार दिला तेव्हा सही केली. सही न करता खेळता येतं हे तिथे कळलं. फ्लडने ज्या क्लबशी भांडण मांडलं त्याच क्लबमध्ये, तीनच वर्षांत. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

पैशांचं म्हणाल तर १९७० मध्ये मेजर लीगमधला सरासरी पगार २९ हजार डॉलरांच्या आसपास होता. १९८० मध्ये तो १ लाख ४३ हजारांवर गेला.

बॅकफूट

दूरदेशी, लवादाचा मुद्दा पटला. खटल्याने प्रश्न लोकांसमोर आणला आणि मालकांना त्यांच्याच शब्दांत बांधलं, हे मान्य. तरी मेसरस्मिथचं नाव आपण कमी घेतो ही माझी तक्रार कायम राहील. तोही नंतर फार टिकला नाही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी: क्रिकेटमध्ये याच्या जवळचं प्रकरण म्हणजे केरी पॅकर, स्वतःची वेगळी क्रिकेट मालिका काढणारा ऑस्ट्रेलियन उद्योगपती. पॅकरकडे गेलेल्या खेळाडूंवर बंदी घालायचा प्रयत्न झाला तेव्हा टोनी ग्रेग आणि इतर इंग्लंडमध्ये न्यायालयात गेले, आणि न्यायमूर्ती स्लेड यांनी ती बंदी रोजगारावरचं अन्याय्य बंधन ठरवली. फुटबॉलमध्ये बोसमान, १९९५. बेल्जियमचा साधा खेळाडू, खटला जिंकला, युरोपभरचे खेळाडू मोकळे झाले आणि त्याचं स्वतःचं आयुष्य मात्र विसकटलं. फ्लडची गोष्ट वाचताना बोसमान सारखा आठवत होता.

खडीसाखर

मला बेसबॉलमधलं काहीच कळत नाही, तरी सगळा धागा वाचला. मायोर्कानंतर त्याचं काय झालं? आणि त्याला मोठा सन्मान मिळाला का, हॉल ऑफ फेम वगैरे?

पश्चिमवारा

खडीसाखर, सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर तो ओकलंडला परतला. हातात काही नव्हतं आणि दारू सुटत नव्हती. १९७८ मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्सच्या सामन्यांचं रेडिओवर समालोचन केलं. पुढे हळूहळू दारू सुटली. १९८६ मध्ये अभिनेत्री जूडी पेस यांच्याशी लग्न झालं. दोघांची ओळख साठच्या दशकापासूनची. शेवटची दहा-अकरा वर्षं बरी गेली असं म्हणता येईल.

१९९४ मध्ये खेळाडूंचा मोठा संप झाला तेव्हा अटलांटात खेळाडूंच्या बैठकीत त्याला बोलावलं होतं. लाखो डॉलर कमावणारी ती मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात जे घडलं नाही ते चोवीस वर्षांनी तिथे घडलं. त्याला ते पाहायला मिळालं याचं मला फार समाधान आहे. २० जानेवारी १९९७ रोजी घशाच्या कर्करोगाने तो गेला. दोनच दिवसांपूर्वी एकोणसाठ पूर्ण झाले होते.

हॉल ऑफ फेममध्ये तो नाही. मार्व्हिन मिलर यांची २०१९ मध्ये निवड झाली, मृत्यूनंतर सात वर्षांनी. टेड सिमन्सचीही त्याच वेळी. ज्याच्या बदल्यात फ्लडला दिलं त्या डिक अ‍ॅलनची २०२४ मध्ये, मृत्यूनंतर. फ्लडची अजून नाही. २०२० मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या शंभराहून अधिक सदस्यांनी त्यासाठी पत्र लिहिलं होतं.

दूरदेशी

कार्डिनल्सने २०१५ मध्ये क्लबच्या स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं. क्लबची मालकी तेव्हा बुश घराण्याकडे राहिलेली नव्हती. उशीर झाला, पण झालं.

हॉल ऑफ फेमबद्दल इथल्या प्रेक्षकांत दोन बाजू आहेत. एक म्हणते, नुसत्या आकड्यांवर तो काठावर आहे, ८५ होमरन म्हणजे कमी. दुसरी म्हणते, ३१ व्या वर्षी थांबला नसता तर २,२०० च्या पुढे हिट्स सहज गेल्या असत्या. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण आकड्यांशिवायही तिथे जागा असते, मिलर यांना कुठे बॅट धरावी लागली? मैदानावरची सात वर्षं आणि मैदानाबाहेरची ती दोन वर्षं एकत्र धरली तर त्याच्यापेक्षा या खेळाचा चेहरा जास्त बदलणारे मोजकेच सापडतील.

डिसेंबर २०१९ मध्ये गेरिट कोल या पिचरने यँकीजबरोबर नऊ वर्षांचा ३२ कोटी ४० लाख डॉलरांचा करार केला. पत्रकार परिषदेत त्याने आपणहून कर्ट फ्लडचं नाव घेऊन आभार मानले. मिलर, हंटर आणि मेसरस्मिथ यांचेही, बॅकफूट, तुमच्यासाठी सांगतो.

मधली_फळी

माझ्या पहिल्या प्रतिसादातला आक्षेप आता बराच सौम्य झाला आहे. सायंतारा यांनी सांगितलेलं अ‍ॅलामोच्या घराचं प्रकरण माहीत नव्हतं. त्या संदर्भात त्याचं वाक्य वेगळंच ऐकू येतं.

वकिलीबाणा, ती १९२२ ची सूट पुढे गेली का? की अजून आहे?

वकिलीबाणा

थोडी गेली, बरीच आहे. फ्लडच्या मृत्यूनंतर काँग्रेसने त्याच्या नावाचा कायदा केला. प्रतिनिधिगृहातल्या एका विधेयकाला तर त्याच्या जर्सीचा २१ हाच क्रमांक दिला होता. ऑक्टोबर १९९८ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. पण तो कायदा फक्त मेजर लीगमधल्या खेळाडूंच्या नोकरीपुरता आहे. क्लब एका शहरातून दुसरीकडे हलवणं त्याच्या बाहेर, आणि मायनर लीगसुद्धा बाहेर. म्हणजे टॅम्पाच्या त्या हॉटेलातून बाहेर काढलेला अठरा वर्षांचा फ्लड या कायद्याच्या संरक्षणात बसत नाही.

मायनर लीगच्या मुलांना मार्ग मिळाला तो पुन्हा संघटनेतूनच. सप्टेंबर २०२२ मध्ये ते मेजर लीगच्या खेळाडू संघटनेत सामील झाले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. पगार दुपटीच्या वर गेले आणि राहण्याची सोय करारात आली. सूट मात्र अजून कागदावर जिवंत आहे, आणि ती काढण्यासाठी कुणीतरी पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचं दार ठोठावावं असं मला मनापासून वाटतं.